कोणासाठी हवंय, हे विचारायचं नाही

पुस्तकाच्या धंद्यात गिऱ्हाईक टेबलापाशी आलं की तोंडातून आपोआप एक प्रश्न निघतो, ‘कोणासाठी पाहिजे?’ मुलांसाठी की मोठ्यांसाठी, भेट द्यायला की घरी वाचायला, एवढं कळलं की पुढचं काम सोपं होतं. अर्धी विक्री या एका प्रश्नावर होते. माझ्या टेबलावर मात्र काही पुस्तकं अशी आहेत की ती हातात घेतलेल्या माणसाला हा प्रश्न विचारला, तर तो पुस्तक जागेवर ठेवतो, ‘बघत होतो सहज’ म्हणतो आणि चालू लागतो. परत येत नाही.

बिंदुमाधव खिरे यांची ‘पार्टनर’, सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’, लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचं ‘मी हिजडा, मी लक्ष्मी’, दिशा पिंकी शेख यांचा ‘कुरूप’ हा कवितासंग्रह आणि अशीच आणखी काही. समलिंगी, तृतीयपंथी माणसांनी लिहिलेली किंवा त्यांच्याबद्दलची. यांची विक्री आमच्या नेहमीच्या रीतीने होत नाही. ती कशी होते, हे मला नाशिकच्या सातपूरच्या रस्त्याने शिकवलं.

माझं दुकान म्हणजे घडीची टेबलं, एक ताडपत्री, पुठ्ठ्याची खोकी आणि माल न्यायला भाड्याचा छोटा हत्ती. त्र्यंबक रोडच्या एका अंगाला एमआयडीसीच्या कंपन्या, दुसऱ्या अंगाला कामगारांच्या वसाहती, मध्ये आम्ही. खानदेशातून, मराठवाड्यातून, अलीकडे बिहार-उत्तर प्रदेशातून आलेली माणसं इथे नांदतात. पौष महिन्यात याच रस्त्याने संत निवृत्तिनाथांच्या यात्रेच्या दिंड्या त्र्यंबकेश्वरला जातात. तेव्हा हरिपाठ आणि ज्ञानेश्वरी पुढे येतात. एप्रिलमध्ये जयंतीला फुले-आंबेडकरांची पुस्तकं पुढे. बाकी वर्षभर घर चालतं ते तलाठी भरती, पोलीस भरती आणि एमपीएससीच्या गाइडांवर. 6 डिसेंबरला आमच्यातले बरेच जण दादरला शिवाजी पार्कवर जातात. पुस्तकांचा मी पाहिलेला रस्त्यावरचा सगळ्यात मोठा उत्सव तोच. तिथे माणूस कर्ज काढल्यासारखा पुस्तकं घेतो.

ही वेगळी पुस्तकं पहिल्यांदा माझ्याकडे जांगड आली. विकली तर पैसे, नाही तर माल परत. पुण्याहून गठ्ठा पाठवणारा म्हणाला होता, ‘नाशिकला चालणार नाहीत, तरी ठेवून बघ.’ ‘पार्टनर’ 2005 ची, ‘कोबाल्ट ब्लू’ 2006 ची. खिरे अमेरिकेतली नोकरी सोडून पुण्यात परतले, 2002 मध्ये त्यांनी समपथिक ट्रस्ट काढला आणि मराठीत सोप्या शब्दांत या विषयावर लिहायचं काम जवळजवळ एकट्याने अंगावर घेतलं. कुंडलकरांची कादंबरी मौजेची. घरात भाड्याने राहायला आलेल्या एकाच तरुणाच्या प्रेमात भाऊ आणि बहीण दोघंही पडतात, ही तिची गोष्ट. पुढे जेरी पिंटो यांनी तिचा इंग्रजी अनुवाद केला, 2022 मध्ये नेटफ्लिक्सवर सिनेमा आला आणि मराठी पुस्तकाची विचारणा वाढली. सिनेमामुळे एक सोय झाली. ‘तो पिक्चर आला होता ना, त्याचं पुस्तक’ असं म्हणता येऊ लागलं.

अशी आडवाट या पुस्तकांना नेहमी लागते. तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ घ्या. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला ते रंगभूमीवर आलं, रोहिणी हट्टंगडींनी सुमित्राची भूमिका केली. मुलीवर प्रेम करणाऱ्या मुलीचं ते नाटक. पण माझ्याकडून ते जातं तेंडुलकरांच्या नावावर. एम.ए.चे विद्यार्थी ‘शांतता’ आणि ‘घाशीराम’बरोबर तेही उचलतात. एखादी मुलगी फक्त तेवढंच उचलते, मग क्षणभर थांबून वर ‘घाशीराम’ ठेवते. तिला ‘घाशीराम’ नको असतं. मी दोन्हींचं बिल करतो.

मांडणीचं गणित इथूनच सुरू होतं. या पुस्तकांचा वेगळा कप्पा करून वर पाटी लावली, तर त्या कप्प्यासमोर कोणी थांबत नाही. रस्त्यावरून जाणाऱ्या शेजाऱ्याला, सुपरवायझरला, चुलत्याला तो माणूस कुठल्या पाटीखाली उभा आहे ते दिसतं. म्हणून ‘पार्टनर’ माझ्याकडे कादंबऱ्यांत असते, ‘मृत्युंजय’ आणि ‘श्रीमान योगी’च्या आसपास. लक्ष्मी यांचं पुस्तक आत्मचरित्रांत. ‘कुरूप’ कवितांमध्ये. ज्याला हवं असतं तो शोधून काढतो. आधी गाइड चाळतो, मग इतिहासावर येतो, मग सरकत सरकत कादंबऱ्यांपाशी. तेवढा वेळ मी पावतीबुकात डोकं घालून बसतो. गिऱ्हाइकाकडे बघणं हा आमच्या धंद्याचा धर्म आहे, पण इथे न बघणंही शिकावं लागतं.

हेल्मेट घालूनच पुस्तक बघणारा एक जण मला चांगला आठवतो. फर्स्ट शिफ्ट सुटली होती. गाडी स्टँडला लावून आला, हेल्मेटची काच फक्त वर केलेली. गळ्यातलं ओळखपत्र शर्टाच्या खिशात खोचलेलं, म्हणजे कंपनीचं नाव दिसू नये. ‘पार्टनर’चं मलपृष्ठ वाचलं, मग मधलं एक पान, मग शेवटचं. भर उन्हात, हेल्मेटमध्ये. घामाचा थेंब पानावर पडला तेव्हा दचकून म्हणाला, ‘घेतो दादा, घेतो.’ मी म्हटलं, ‘घ्या हो, घाई नाही.’ पैसे त्याने रोख दिले.

रोख ही या पुस्तकांची खूणच झाली आहे. आता चहासुद्धा लोक स्कॅन करून पितात, पण ही पुस्तकं घेणारे बहुतेक जण नोटा काढतात. स्कॅन केलं की माझ्या फोनवर त्यांचं नाव येतं आणि त्यांच्या खात्यात माझं. घरचा हिशोब वडील किंवा बायको बघत असेल तर ‘हे कसलं पुस्तक?’ असा प्रश्न येणारच. शिवाय टेबलावरचं ते स्कॅनचं खोकं रक्कम मोठ्याने ओरडतं आणि आजूबाजूचे वळून बघतात. म्हणून गल्ल्यात सुट्टे पैसे मी मुद्दाम जास्त ठेवतो. पुस्तक खाकी कागदात गुंडाळून सुतळी बांधतो. आणि हे मी सगळ्याच पुस्तकांना करतो, गाइडलासुद्धा. फक्त याच पुस्तकांना कागद लावला तर कागदच चुगली करेल.

वाचनालयं मला प्रिय आहेत. आमच्या नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 चं, मोठ्या परंपरेचं. पण कुठल्याही वाचनालयात पुस्तक घरी न्यायचं तर नाव नोंदवावं लागतं, आणि नोंद मागे राहते. फुटपाथवर नोंद नसते. म्हणजे चार भिंतींच्या शांत जागेपेक्षा हजार माणसं जाता-येता बघतात तो रस्ता या वाचकाला जास्त आडोसा देतो. गर्दीत सगळेच सगळं चाळत असतात, मग कोण काय चाळतोय याकडे कोण बघतंय?

कंपनीतल्या वाचकाला ही आडोशाची गरज का, ते समजायला नाशिककरांना लांब जायला नको. बाबूराव बागूल विहितगावचे. 1963 साली आलेल्या त्यांच्या पहिल्या कथासंग्रहाचं नाव ‘जेव्हा मी जात चोरली होती’. रेल्वेत कामाला लागलेला तरुण जात लपवून राहतो, आणि ती उघडी पडल्यावर त्याचं काय होतं, हे त्या कथेत आहे. जातीचं दुःख आणि हे दुःख एक नव्हे, सरसकट जोडू नये. पण लपवून जगण्याचा रोजचा खर्च दोन्हीकडे ओळखीचा आहे. डबा खाताना लग्नाचा विषय निघाला की काय उत्तर द्यायचं, सोमवारी ‘रविवारी कुठे होतास’ म्हणाले की कोणाचं नाव सांगायचं. बागूल आणि ‘पार्टनर’ एकत्र नेणारे वाचक मी पाहिले आहेत. त्यांना मी ही जोडी सुचवली नव्हती.

आक्षेप घेणारेही येतात, आणि यावेत. एका जयंतीला निळा रुमाल गळ्यात घातलेले एक निवृत्त कामगार बराच वेळ टेबल न्याहाळत होते. मग म्हणाले, ‘भाऊ, बाबासाहेबांच्या शेजारी हे असलं ठेवतात का?’ मी त्यांना स्टूल दिलं आणि र. धों. कर्व्यांची गोष्ट सांगितली. कर्वे 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवायचे. कामजीवनाबद्दल वाचक टपालाने प्रश्न विचारत आणि कर्वे ते छापून, लाजलज्जा न बाळगता उत्तरं देत. त्यात समलिंगी आकर्षणाबद्दलचेही प्रश्न असत. अशाच प्रश्नोत्तरांवरून 1934 मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि त्यांच्या बाजूने मुंबई उच्च न्यायालयात उभे राहिले बॅरिस्टर आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणून ते अश्लील ठरत नाही, लोकांना प्रश्न पडत असतील तर त्यांना जाणकाराचं उत्तर मिळालं पाहिजे, अशी त्यांची बाजू होती. खटला हरले. कर्व्यांना 200 रुपये दंड झाला.

काकांनी ऐकून घेतलं आणि अस्सल आंबेडकरी वाचकासारखा एकच सवाल केला, ‘कुठल्या खंडात आहे?’ मी अजित दळवींच्या नाटकाचं नाव सांगितलं. ‘समाजस्वास्थ्य’ याच नावाचं, अतुल पेठेंनी बसवलेलं, हा खटला त्यात आहे. त्यांनी पाठकोऱ्या कागदावर नाव, साल, दंडाची रक्कम लिहून घेतली. पुस्तक काही घेतलं नाही. पुढच्या जयंतीला तेच काका माझ्याच टेबलापाशी उभे राहून एका तरुणाला बाबासाहेबांनी लढलेला हा खटला ऐकवत होते. साल त्यांनी 1932 केलं होतं आणि दंड 500 रुपयांवर नेला होता. मी साल दुरुस्त केलं. दंडाबद्दल म्हणाले, ‘तेव्हाचे 200 म्हणजे आताचे किती होतील?’ आणि पुढे बोलू लागले.

सुट्ट्या पैशांचा विषय वर आलाच आहे. ते मला पुरवणारी एक ताई आहे. सिग्नलवर पैसे मागणाऱ्या तृतीयपंथीयांकडे चिल्लर साठते आणि रस्त्यावरच्या दुकानदारांना ती हवीच असते. संध्याकाळी ती नाणी मोजून द्यायची, मी नोटा द्यायचो. हिशोबाला पक्की. एकदा मोजता मोजता तिने लक्ष्मी यांच्या पुस्तकावर बोट ठेवलं आणि विचारलं, ‘दादा, हे आमच्यातल्या बाईने स्वतः लिहिलंय?’ मी सांगितलं, वैशाली रोडे यांनी शब्दांकन केलंय, 2012 मध्ये आलं, नंतर इंग्रजीतही गेलं. तिने पुस्तक घेतलं नाही. टेबलामागच्या स्टुलावर बसून वाचायला लागली. शाळा मधेच सुटलेली, त्यामुळे ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा आली, पुन्हा तिथून पुढे. पुस्तकात खूण म्हणून ती एक रुपयाचं नाणं ठेवायची. संपल्यावर म्हणाली, ‘छान आहे, पण ही शिकलेली. आमच्यासारखीचं कोणी लिहिलंय का?’ मी ‘कुरूप’ पुढे केलं. दिशा पिंकी शेख यांचं नाव तिने ऐकलं होतं, 2019 मध्ये वंचित बहुजन आघाडीच्या प्रवक्त्या झाल्या तेव्हा मोबाइलवर त्यांचं भाषण फिरलं होतं. हे पुस्तक तिने विकत घेतलं आणि पूर्ण किंमत नाण्यांत मोजली. मी दहा टक्के सूट देऊ लागलो तर म्हणाली, ‘कवितेवर सूट घेऊ नये.’ माझ्या टेबलावर जे आहे त्यावर तिच्या ‘आमच्यासारखीचं’ या सवालाइतकी नेमकी टीका मी इतर कोणाकडून ऐकलेली नाही. समलिंगी-तृतीयपंथी साहित्य म्हणून आपण जे मांडतो, त्यात शिकलेल्यांचं, शहरातलं, पुरुषांचं फार आणि बाकीच्यांचं थोडं.

आता रस्त्याच्या दुसऱ्या बाजूबद्दल, म्हणजे जिथे लपायचं नसतं तिथल्याबद्दल. पुण्यात 2011 पासून प्राइड मोर्चा निघतो. एकदा त्या दिवशी जंगली महाराज रस्त्यावर, संभाजी उद्यानाच्या जवळ मी गठ्ठा घेऊन गेलो होतो. तिथे माझं सातपूरचं सगळं शास्त्र उलटं पडलं. तिथे ही पुस्तकं कादंबऱ्यांत मिसळून ठेवायची गरजच नव्हती, फक्त तीच मांडली होती. कोणी हेल्मेटमध्ये नव्हतं. लोक पुस्तक उंच धरून फोटो काढत होते, जोराने विचारत होते, ‘मराठीत मुलींचं काही आहे का?’ आणि सगळ्यात नवल वाटलं ते सह्यांचं. लेखक हजर असला की वाचक पुस्तक पुढे करतो, लेखक विचारतो, ‘नाव काय लिहू?’ आणि वाचक नाव सांगतो. काही जण नाव सांगून स्पेलिंगही सांगत होते, कारण ते नाव त्यांनी स्वतः निवडलेलं होतं. सातपूरला ज्या पुस्तकावर नाव येऊ नये म्हणून नोटा मोजल्या जातात, त्याच पुस्तकावर तिथे ठळक अक्षरात नाव लिहून घेत होते.

समपथिक ट्रस्टने पुण्यात ‘मूकनायक’ नावाने या साहित्याचा मेळावाही भरवला. दिल्लीत डिसेंबर 2019 मध्ये रेनबो लिट फेस्ट झाला. जगात पाहिलं तर आमच्या धंद्याने छाती फुगवावी असा एक दाखला आहे. क्रेग रॉडवेल नावाच्या माणसाने 1967 मध्ये न्यूयॉर्कला ऑस्कर वाइल्डच्या नावाने पुस्तकाचं दुकान काढलं. 28 जून 1970 ला त्या शहरात पहिला प्राइड मोर्चा निघाला, त्याची कल्पना मांडणाऱ्यांत रॉडवेल होता आणि लोकांना बोलावणं धाडायला त्याच्या दुकानाच्या गिऱ्हाइकांची पत्त्यांची यादी उपयोगी पडली. म्हणजे तिथे नावं नोंदवणारं दुकान होतं म्हणून मोर्चा उभा राहिला. पण नोंदीचा, पाटीचा धोकाही खराच. लंडनच्या ‘गेज द वर्ड’ या 1979 पासूनच्या दुकानावर 1984 मध्ये कस्टमची धाड पडली, परदेशातून आलेली पुस्तकं उचलून नेली. त्यात टेनेसी विल्यम्स होता, गोर व्हिडाल होता. दुकानदारांवरचे आरोप मागे घ्यायला 1986 उजाडलं. दुकान आजही चालू आहे.

आपल्याकडेही वारं असंच फिरत राहिलं. 2009 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांवरच्या कलम 377 मधली गुन्ह्याची धार काढली, 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती परत आणली, 6 सप्टेंबर 2018 ला पुन्हा काढली. 2023 मध्ये समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. टेबलावर याचा परिणाम दिसतो, पण हळू. पूर्वी लोक विचारायचे, ‘हे विकायला चालतं का?’ आता कधीमधी कोणी विचारतो, ‘नवीन काय आलंय?’ रोख पैसे मात्र तसेच.

लोक माझ्याबद्दलही अंदाज बांधतात. ‘तू का ठेवतोस रे ही पुस्तकं?’ असं ओळखीचे विचारतात आणि उत्तराच्या आधीच हसतात. ‘मी तसा नाही’ असं सांगून मोकळं होता येतं. मी सांगत नाही, आणि ‘तसा आहे’ असंही सांगत नाही. एकदा का दुकानदाराने स्वतःला बाजूला काढलं, की समोर उभ्या माणसाला कळतं, हा आपल्याला वेगळ्या रांगेत बघतो. ‘विकली जातात म्हणून ठेवतो’ एवढंच म्हणतो, आणि ते खरंही आहे.

कधी कधी मित्र म्हणतात, सातपूरलाही असा महोत्सव भरव की. मैदान आहे, माणसं आहेत, नाशिकला लेखक कमी नाहीत. मी यावर विचार केला आहे. परवानग्या, मांडव, वीज, दहाच्या आत बंद करायचा माईक, हे सगळं जमेल. जयंतीची मंडळं दरवर्षी जमवतातच. प्रश्न एवढाच की तिथे कोण येईल. पुण्याची मांडणी जशीच्या तशी इथे आणली तर नाव सांगणारे येतील आणि हेल्मेटवाला घरी राहील. फक्त हेल्मेटवाल्याचा विचार केला तर नाव सांगायची जागाच उरणार नाही.

म्हणून माझा नकाशा असा आहे. फर्स्ट सुटते त्या वेळेला सुरुवात करायची, म्हणजे रस्त्याला तशीही गर्दी असते. एका बाजूला व्यासपीठ. तिथे लेखक, कवितावाचन, सह्या, ज्याला नाव लिहून घ्यायचं त्याने घ्यावं. पहिली खुर्ची शाळा सुटलेल्या, पण सांगण्यासारखं खूप असलेल्या माणसांना, मग ते बोललेलं कोणी लिहून घेईना का. आणि दुसऱ्या बाजूला तलाठी भरती, पोलीस भरती, ज्ञानेश्वरी, बाबासाहेब, शिवचरित्र, पाककृती, सगळी टेबलं नेहमीसारखी. त्यांच्यातच ही पुस्तकंही मिसळलेली. घरी ‘कुठे गेला होतास?’ म्हणाले तर ‘गाइड आणायला’ असं खरं उत्तर देता आलं पाहिजे, आणि पिशवीत गाइडही असलं पाहिजे. स्पर्धा परीक्षेच्या टेबलांशिवाय हा महोत्सव भरवायला मी तरी तयार नाही.